काळं कडं, सुटलेलं पाणी: केचपविषयी सोलापूरकरांचे प्रश्न

थंडी सरत आली की मंडईत टोमॅटोचे ढीग लागतात, भाव उतरतात आणि घरोघर मोठी पातेली चढतात. या महिन्यात 'विचारा, सांगतो' या सदराकडे आलेली बरीचशी पत्रं केचपबद्दलच होती. बहुतेकांची तक्रार एकच: मेहनत करूनही दुकानातल्यासारखा होत नाही, झाला तर टिकत नाही. दोन्हींची कारणं ठरलेली आहेत आणि ती घरी टाळता येतात.

मी दरवर्षी पाच किलो टोमॅटोचा केचप करते. कच्चे टोमॅटो मिक्सरमधून काढून आटवते. दोन-दोन तास आटवूनही ताटलीत वाढला की कडेनं पाणी सुटतं. गेल्या वर्षी कॉर्नफ्लॉवर लावलं, तर चव पिठूळ झाली. चुकतं कुठं?
– गृहिणी, जुळे सोलापूर

चूक आटवण्यात नाही, त्याच्या आधीच होते. टोमॅटोच्या गराला घट्टपणा येतो तो त्यातल्या पेक्टिनमुळे. कच्चा टोमॅटो चिरला, किसला किंवा वाटला की त्याच्याच पेशींतली विकरं (एन्झाइम) मोकळी होतात आणि काही मिनिटांत पेक्टिन तोडायला लागतात. ही विकरं सुमारे ८५ अंश सेल्सिअसच्या वर निकामी होतात. मिक्सरमधला गार रस पातेल्यात हळूहळू तापेपर्यंत त्यांना भरपूर वेळ मिळतो. मग कितीही आटवा, घट्टपणा धरून ठेवणारं पेक्टिनच उरलेलं नसतं आणि पाणी वेगळं होतं. कारखान्यात म्हणूनच टोमॅटो चिरडताक्षणी कडक तापवतात.

घरी हे असं करा. टोमॅटो पूर्ण लाल, घट्ट, लांबट जातीचे घ्या. गावरान टोमॅटो आमटीला उत्तम, पण त्यात पाणी आणि बिया जास्त. देठाजवळ पिवळा किंवा हिरवा भाग असेल तर तो काढून टाका, रंग तिथंच मार खातो. जाड बुडाच्या, पसरट स्टीलच्या पातेल्यात आधी पाव किलो फोडी टाकून डावानं चेचा आणि मोठ्या आचेवर उकळी आणा. रस खदखदायला लागला की बाकीच्या फोडी मूठमूठ टाकत जा, उकळी मोडू देऊ नका. प्रत्येक फोड थेट उकळत्या रसात पडली पाहिजे, सगळी गोम एवढीच. सगळे टोमॅटो पडल्यावर १० ते १२ मिनिटं शिजवा आणि गरम असतानाच पुरणयंत्राच्या सगळ्यात बारीक जाळीतून काढा. मिक्सर लावू नका. बिया भरडल्या गेल्या की कडवटपणा येतो आणि तो साखरेनं झाकत नाही.

पाच किलोंतून साधारण चार लिटर रस मिळेल. पुढची मापं त्या चार लिटरची.

साखर ३०० ग्रॅम, मीठ ४० ग्रॅम, व्हिनेगर १०० मिलिलिटर (बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं साधं पांढरं). मलमलीच्या धुतलेल्या फडक्यात पुरचुंडी बांधायची ती अशी: कांदा बारीक चिरून २०० ग्रॅम, आलं ४० ग्रॅम, लसूण २० ग्रॅम, ब्याडगीचं तिखट २० ग्रॅम, दालचिनी, मिरी आणि जिरं प्रत्येकी ५ ग्रॅम, चार वेलदोडे आणि १५ लवंगा. लवंगांची वरची गोल डोकी मोडून टाका. का ते पुढच्या उत्तरात येईल. पुरचुंडी सैल बांधा. घट्ट आवळली तर मधला मसाला कोरडाच राहतो.

रसात पुरचुंडी आणि फक्त १०० ग्रॅम साखर टाकून मोठ्या आचेवर आटवायला ठेवा. सगळी साखर सुरुवातीलाच टाकली तर ती दोन तास शिजून रंग तपकिरी करते आणि बुडाला लागते. रस निम्मा झाला की उरलेली २०० ग्रॅम साखर टाका आणि इथून पुढं हात थांबवू नका. घट्ट रस रटरटताना अंगावर उडतो, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या आणि झाकण तिरपं ठेवा. पुरचुंडी अधूनमधून डावानं दाबत राहा. शेवटी ती दोन चमच्यांत धरून पिळून काढा. निम्मी चव त्या पिळण्यातच आहे. मीठ आणि व्हिनेगर अगदी शेवटी. व्हिनेगर लवकर घातलं तर त्यातलं आम्ल वाफेबरोबर निघून जातं, आणि केचप टिकतो तो त्याच्यावरच. व्हिनेगर टाकल्यावर पाचेक मिनिटंच उकळा.

कधी थांबायचं हे डोळ्यांवर सोडू नका. रस चढवण्याआधी त्याच पातेल्यात दीड लिटर पाणी ओता, डाव उभा धरा आणि पाणी दांड्यावर जिथं येतं तिथं खूण करून ठेवा. केचप त्या खुणेपर्यंत उतरला की झाला. वजनात तो १,६०० ग्रॅमच्या आसपास भरतो. ताजा टोमॅटो जवळपास ९४ टक्के पाणीच असतो, तेव्हा पाच किलोंतून एवढंच हाती येणार. "इतकासाच?" म्हणून आधी उतरवला की पुन्हा पाणी सुटणार. दुसरी खूण म्हणजे गार ताटलीवर चमचाभर टाका, मिनिटभर थांबा. कडेला पाण्याचं कडं उमटलं तर अजून आटवायचा आहे.

कॉर्नफ्लॉवरचं म्हणाल तर ते टाळाच. फ्रिजमध्ये काही दिवस राहिलं की त्यातला स्टार्च आखडतो आणि धरलेलं पाणी सोडून देतो. म्हणजे ज्या दुखण्यावर ते लावलं, तेच दुखणं काही दिवसांनी परत.

केचप चवीला उत्तम झाला, पण दोन महिन्यांत बाटलीच्या गळ्याशी काळं कडं आलं. फेकून द्यावा का? सासूबाई म्हणतात, वरचा काळा भाग काढून खाल्ला तर काही होत नाही.
– एक वाचक, बार्शी

आधी नीट पाहा. काळेपणा सपाट आहे, बाटलीच्या काचेला चिकटून आहे, वास नेहमीचा आहे आणि वर लव नाही, तर ती बुरशी नव्हे. केचप बनवणाऱ्या कारखान्यांना हे जुनं दुखणं चांगलं ठाऊक आहे. व्हिनेगरचं आम्ल लोखंडाला लागलं की थोडं लोह केचपमध्ये उतरतं. मसाल्यांतलं, मुख्यतः लवंगेच्या डोक्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य त्या लोहाशी जुळतं आणि वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेशी संबंध आला की ते संयुग काळं पडतं. म्हणून काळेपणा गळ्याशीच दिसतो, तळाशी नाही. अशा वेळी सासूबाईंचं बरोबर आहे.

पण काळ्या-हिरव्या भागावर कापसासारखी लव असेल किंवा कुबट वास येत असेल, तर ती बुरशी. मग वरचं काढून भागत नाही, तिचे तंतू आत उतरलेले असतात. अख्खी बाटली टाका.

लोह येतं कुठून? बहुतेकदा जुन्या लोणच्याच्या बाटलीच्या पत्र्याच्या झाकणातून. आतला लेप खरवडलेला असतो आणि तिथं गंज धरलेला असतो. झाकणं नवी घ्या किंवा प्लास्टिकची वापरा. लोखंडी कढई, लोखंडी डाव, बिडाची भांडी केचपला नकोत. कल्हई उडालेलं पितळ-तांबंही नको. तांब्यानं टोमॅटोचा लाल रंगच मळतो, शिवाय आंबट पदार्थात तांबं उतरणं आरोग्याला घातक. ॲल्युमिनियमचं पातेलं आंबटानं खरवडतं, तेही टाळा. लवंगांची डोकी मोडलेली असावीत. बाटली भरताना वर बोटाच्या पेराइतकीही जागा ठेवू नका, सेंटिमीटरभर पुरे. झाकण लावल्यावर गरम बाटली दोन मिनिटं आडवी ठेवा, म्हणजे गळा आणि झाकणाची आतली बाजूही तापते.

सोडियम बेंझोएट घालावं की नाही? किती? न घालता किती दिवस टिकेल? आमच्याकडे फ्रिज छोटा आहे आणि एप्रिल-मेमध्ये घरातच चाळिशी गाठते.
– शिक्षिका, विजापूर रोड

सोडियम बेंझोएट हे पदार्थ नासू न देणारं परिरक्षक, पण ते घालायलाच पाहिजे असं नाही. पण न घालता टिकवायचं असेल तर बाटल्या भरण्याच्या कामात एकही पायरी गाळता येणार नाही.

बाटल्या लहान घ्या, २०० ते ३०० ग्रॅमच्या. मोठी बाटली उघडली की महिनाभर उघडीच राहते. बाटल्या आणि झाकणं धुऊन पातेल्यात तळाला फडकं घालून गार पाण्यात बुडवा आणि पाणी उकळल्यावर २० मिनिटं ठेवा. बाटल्या गरम असतानाच त्यांत कढता केचप भरा. ८५ अंशांच्या खाली उतरू देऊ नका. झाकण लावून भरलेल्या बाटल्या पुन्हा गरम पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या करा आणि पाणी ८५ ते ९० अंशांवर, म्हणजे तळातून बुडबुडे सुटतील पण खळखळणार नाही असं, अर्धा तास ठेवा. मग फडक्यावर काढून गार होऊ द्या. शहाबादी फरशीवर गरम बाटली ठेवलीत तर ती तडकणार, हे वेगळं सांगायला नको. असा केचप न उघडता अंधाऱ्या, त्यातल्या त्यात गार कपाटात काही महिने चांगला राहतो. उघडल्यावर फ्रिजमध्ये, आणि महिन्याभरात संपवा.

बेंझोएट घालणार असाल तर तयार केचपच्या किलोला पाव ते अर्धा ग्रॅम पुरतं. अन्नसुरक्षा नियमांतली मर्यादा किलोला ७५० मिलिग्रॅमची आहे, तेव्हा 'जरा जास्त' म्हणून चमच्यानं टाकू नका. सराफी काट्यासारखा छोटा डिजिटल काटा नसेल तर ते घालूच नका. चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून, आच बंद केल्यावर मिसळा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: बेंझोएट आंबटातच काम करतं. व्हिनेगर कमी पडलं असेल तर त्याचा उपयोग जवळपास शून्य. आणि सरबतात वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथं चालत नाही, ते लाल रंग फिका करतं.

बाटली उघडताना फस्स आवाज आला, झाकण फुगलेलं असलं किंवा आत बारीक बुडबुडे दिसले, तर यीस्टनं आंबवण सुरू केलं आहे. पुन्हा उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नका. उन्हाळ्यात अशी बाटली फुटूही शकते, म्हणून झाकण फडक्याखाली धरून सावकाश उघडा आणि केचप टाकून द्या. कारण हटकून तीनपैकी एक असतं: केचप निवल्यावर भरला, आंबटपणा कमी पडला किंवा कुणीतरी ओला चमचा घातला.

केचप हा शब्द चिनी आहे असं मुलाच्या शिक्षकांनी सांगितलं. टोमॅटो तर अमेरिकेचा. मग केचप चीनचा कसा?
– पालक, अक्कलकोट

शिक्षकांनी बरोबर सांगितलं, आणि मुलाचा गोंधळही रास्त आहे. मूळ केचपात टोमॅटो नव्हताच.

दक्षिण चीनच्या फुजियान किनाऱ्यावर होक्किएन भाषा बोलतात. तिथं खारवून मुरवलेल्या माशांच्या पाण्याला 'के-चिआप'सारखं नाव होतं. पातळ, तपकिरी, खारट, वासाला उग्र. व्यापारी आणि खलाशी यांच्याबरोबर तो शब्द आग्नेय आशियात पसरला. मलय भाषेत तो 'किचाप', इंडोनेशियात 'केचाप' झाला आणि आजही तिथं त्याचा अर्थ सोयासॉस असाच आहे. जकार्त्यात कुणी केचाप मागितला तर लाल नव्हे, काळी बाटली येईल.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज व्यापाऱ्यांनी ही चव आणि शब्द दोन्ही घरी नेले. १७२७ साली इंग्लंडात छापलेल्या एका पाकपुस्तकात केचपची कृती आहे; तीत अँकोव्ही मासे, व्हिनेगर, वाइन, आलं, लवंग, जायपत्री आहे, टोमॅटो नाही. पुढं शंभरेक वर्षं इंग्रजी घरांत मशरूमचा, कोवळ्या अक्रोडांचा, कालवांचाही केचप होत असे. केचप म्हणजे एखाद्या चविष्ट वस्तूचा खारवलेला, मसाला घातलेला, टिकाऊ अर्क, असा त्या शब्दाचा अर्थ झाला होता. आपल्याकडे लोणचं कैरीचंच असं नाही, मिरचीचं असतं, करवंदाचं असतं, तसंच हे.

टोमॅटो मात्र दक्षिण अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या 'टोमाट्ल' शब्दावरून त्याला नाव मिळालं. वांगं, मिरची, बटाटा ही त्याची सख्खी भावंडं. युरोपात बराच काळ लोक त्याला विषारी समजत. टोमॅटोच्या केचपची छापील कृती अमेरिकेत फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेम्स मीज यांनी १८१२ साली दिली. ते टोमॅटोला 'प्रेमफळ' म्हणत. त्यांच्या केचपात मसाले आणि ब्रँडी होती. साखर आणि व्हिनेगर नव्हतं.

आजची गोड, दाट बाटली नंतरची आहे. पिट्सबर्गच्या हेन्री हाइन्झ यांनी १८७६ साली टोमॅटो केचप विकायला काढला. त्या काळी अमेरिकेतले पुष्कळ उत्पादक टाकाऊ, अर्धवट पिकलेले टोमॅटो वापरत आणि ते कुजू नयेत म्हणून बेंझोएट बेहिशेबी घालत. सरकारच्या कृषी खात्यातले रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९०६ साली तिथं शुद्ध अन्नाचा कायदा झाला. प्रश्न उरला तो बेंझोएटशिवाय केचप टिकवायचा कसा. आर्व्हिल आणि कॅथरिन बिटिंग या संशोधक पती-पत्नींनी शेकडो बाटल्यांवर प्रयोग करून दाखवलं की टोमॅटो पक्के पिकलेले आणि चांगले असतील, काम स्वच्छ असेल आणि साखर-व्हिनेगर वाढवलं, तर परिरक्षकाची गरज नाही. हाइन्झही त्याच वाटेनं गेले. आपण केचपची म्हणून जी चव ओळखतो, ती आंबटगोड दाट चव, ती या टिकवण्याच्या खटपटीतून घडली. वरच्या उत्तरांत आंबटपणा कमी पडू देऊ नका असं पुन्हा पुन्हा सांगितलं ते उगाच नाही.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, पण आम्ही घरी गूळच वापरतो. साखरेऐवजी गूळ चालेल का? किंवा साखर अगदीच वगळली तर?
– एक वाचक, मोहोळ

गूळ चालतो, पण रंग विटकरी-तपकिरी होतो आणि गुळाची चव टोमॅटोवर बसते. निम्मा गूळ, निम्मी साखर घेऊन पाहा. गूळ आधी थोड्या रसात विरघळवून गाळून घ्या, खडे असतात. पदार्थ चांगला होतो, फक्त त्याला केचपपेक्षा टोमॅटोची गोड चटणी म्हणणं जास्त बरोबर.

साखर अगदीच वगळली तर त्याच घट्टपणासाठी रस वरच्या दीड लिटरच्या खुणेच्याही जवळजवळ निम्म्यावर आणावा लागेल, चव भलतीच आंबट-खारट होईल आणि टिकण्यातला एक खांब निघून जाईल. तो प्रकार लहान प्रमाणात करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

मुलगा भाकरीसुद्धा केचपला लावून खातो. किती चालेल?
– आई, सात रस्ता परिसर

बाटलीमागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममध्ये २५ ते ३० ग्रॅम साखर सर्रास असते. एक मोठा चमचा म्हणजे साधारण १५ ग्रॅम केचप, त्यात चारेक ग्रॅम साखर, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. मुलं एका बसणीत असे चार चमचे सहज संपवतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की मोठ्या माणसानंही वरून घातलेली साखर शक्य तर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. मुलाचं प्रमाण त्याहून कमी. मीठही बरंच असतं. शिजलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शरीराला चांगलं मिळतं हे खरं, पण त्यासाठी टोमॅटोची भाजीही आहे. ताटात एक चमचा वाढा आणि बाटली उचलून ठेवा. भाकरीला शेंगाचटणी आणि दही लावायची सवय या वयात लागली तर पुढं केचप आपोआप मागं पडतो.

शाळेजवळच्या गाडीवरचा सॉस लालभडक आणि फार स्वस्त असतो. तो भोपळ्याचा असतो म्हणतात. घरी ओळखता येईल का?
– एक वाचक, अशोक चौक

स्वस्त 'सॉस' पुष्कळदा लाल भोपळ्याचा गर, स्टार्च, असेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) आणि रंग यांचा असतो. भोपळा खाण्यात वाईट नाही. तो टोमॅटोच्या नावानं विकणं आणि त्यात नको तो रंग घालणं वाईट. 'टोमॅटो केचप' किंवा 'टोमॅटो सॉस' असं नाव द्यायचं तर आपल्या नियमांप्रमाणे मीठ वगळून विद्राव्य घनपदार्थ (साखरेसारखे पाण्यात विरघळलेले पदार्थ) किमान २५ टक्के आणि आम्लता किमान १ टक्का हवी. दोन्ही नावांना मानक एकच आहे, तेव्हा 'सॉस आणि केचप यांत फरक काय' असं विचारणाऱ्या इतर दोघा वाचकांनाही हेच उत्तर. मात्र 'स्नॅक सॉस' वगैरे नावांखाली स्टार्च असू शकतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते बघा.

स्टार्च घरी कळतो. चमचाभर सॉस पाव कप पाण्यात उकळा आणि पूर्ण गार करा. गरम असताना रंग दिसत नाही. मग जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचे थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. पहिले काही थेंब विरून गेले तर थांबू नका. क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग खातं, अजून चार-पाच थेंब टाकून पाहा.

कृत्रिम रंगासाठी पांढऱ्या खऱ्या लोकरीचा धागा घ्या. सॉसमध्ये दुप्पट पाणी आणि चमचाभर व्हिनेगर घालून त्यात तो दहा मिनिटं उकळा, मग साबणानं चांगला धुवा. धागा धुतल्यावरही लालभडक राहिला तर रंग घातलेला असण्याचा दाट संशय आहे. टोमॅटोचा स्वतःचा रंग तेलात विरघळणारा. तो लोकरीवर असा पक्का बसत नाही. हा घरचा अंदाज आहे, पुरावा नाही. खात्री करायची तर नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावा. तपासलेले दोन्ही नमुने अर्थातच खायचे नाहीत.

आम्ही जैन आहोत. कांदा, लसूण, आलं न घालता केचप जमेल का? व्हिनेगरही घरात चालत नाही.
– गृहिणी, होटगी रोड

जमतो. वरच्या चार लिटर रसाला पुरचुंडीत सुंठ ८ ग्रॅम घ्या, मिरी आणि जिरं ५ ऐवजी ८ ग्रॅम करा, आणि शेवटी पाव चमचा हिंग थोड्या गरम रसात कालवून मिसळा. कांद्याची गोडी गेल्यानं साखर २० ते ३० ग्रॅम वाढवावी लागते. व्हिनेगरऐवजी ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, शेवटी घाला. पण जंतू रोखण्यात व्हिनेगरचं आम्ल लिंबूफुलापेक्षा पुढं आहे, म्हणून हा केचप फ्रिजमध्येच ठेवा आणि एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त टोमॅटोचा करू नका; मापं त्या प्रमाणात कमी करा.

काचेच्या बाटलीतून केचप आधी येतच नाही, मग एकदम भदाडकन पडतो. काही युक्ती?
– विद्यार्थी, नवी पेठ

केचप स्थिर असला की घट्ट आणि हलवला की पातळ होतो. त्याच्या गराची जाळी हलवल्यानं मोडते. म्हणून उलट्या बाटलीच्या बुडावर थापा मारण्याऐवजी झाकण लावून बाटली आधी जोरात हलवा. मग ४५ अंशांत तिरपी धरून गळ्यावर दोन बोटांनी टिचक्या मारा. हवा वरून आत शिरायला जागा मिळाली की केचप एका धारेत येतो.

फिलिपिन्समध्ये केळ्यांचा केचप करतात असं ऐकलं. आमच्याकडे केळी भरपूर. करता येईल?
– शेतकरी कुटुंब, करमाळा तालुका

ऐकलं ते खरं आहे. मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नतज्ज्ञ बाईंना त्याचं श्रेय देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं टोमॅटो मिळेना, केळी मात्र मुबलक होती.

पूर्ण पिकलेली पण डाग न पडलेली १ किलो सोललेली केळी, ५०० मिलिलिटर पाणी, २०० मिलिलिटर व्हिनेगर, १०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम मीठ, चमचाभर तेलात परतलेला १०० ग्रॅम कांदा, १० ग्रॅम लसूण, १० ग्रॅम आलं, चिमूटभर हळद, १५ ग्रॅम ब्याडगीचं तिखट. केळी चिरल्याबरोबर व्हिनेगरमध्ये टाका, नाहीतर काळी पडतात. सगळं एकत्र २० मिनिटं मंद आचेवर शिजवून मिक्सरमधून काढा आणि पुन्हा दहा मिनिटं ढवळत शिजवा. केळ्याचा गर बुडाला फार लवकर धरतो, तेव्हा पातेल्यापासून हलू नका. रंग टोमॅटोसारखा लाल होणार नाही, केशरी-तपकिरी राहील. टोमॅटोला स्वतःचा आंबटपणा असतो, केळ्याला जवळजवळ नसतो. म्हणून इथं व्हिनेगर एक थेंबही कमी करायचं नाही, आणि हा केचप कपाटात साठवायचा नाही. फ्रिजमध्ये दोन आठवडे.

नव्या सोलापुरी चादरीवर केचप सांडला. साबण लावला तर डाग पसरला.
– एक वाचक, पंढरपूर

गरम पाणी लावलं नसेल तर डाग निघेल. आधी वरचा केचप चमच्याच्या कडेनं खरवडून उचला, पुसू नका. चादर उलटी करा आणि डागाच्या मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडा, म्हणजे डाग आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. समोरून चोळला की तो जाड विणीत खोल जातो. तुमचा पसरला तो त्यामुळेच. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार थेंब लावून दहा मिनिटं ठेवा. टोमॅटोचा रंग तेलकट स्वभावाचा, त्याला हाच साबण लागतो. धुतल्यावरही पिवळट-केशरी छटा राहिली तर एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी लावून पंधरा मिनिटांनी धुवा, पण आधी चादरीच्या एखाद्या कोपऱ्यावर लावून रंग जात नाही ना ते पाहा. गडद लाल आणि निळ्या पट्ट्यांना ही परीक्षा जरूर घ्या. ब्लीच नको. शेवटी ओलसर असतानाच उन्हात टाका. उरलेली छटा उन्हानं उडते, आणि आपल्याकडच्या उन्हाला त्यासाठी एक दुपार पुरते. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका.